ठिणगीचा माग

मोटार सुरू होत नाही, हे चार शब्द कानी पडले की सभोवतालच्या मंडळींत एकाएकी वैद्यकी संचारते. कोणी म्हणतो, प्लग गेले. कोणी कॉइल बदलावयास सांगतो. तिसरा पेट्रोलमध्ये कचरा आल्याची शपथ घेतो. आणि चौथा, जो सर्वांत कमी बोलतो, तो मागे जाऊन गाडी ढकलू लागतो. या चौघांत शेवटचा मनुष्यच काही उपयोगाचे काम करीत असतो, असे म्हणावयास हरकत नाही. गाडी ढकलून सुरू होते की नाही, यावरून निदान एका प्रश्नाचे उत्तर तरी मिळते. उरलेल्या तिघांच्या सल्ल्यांतून खर्च तेवढा निष्पन्न होतो.

जबलपूर शहराला हा विषय विशेष जवळचा आहे. तेथील गन कॅरेज फॅक्टरी १९०४ सालची. आणि १९६९ साली स्थापन झालेल्या व्हेइकल फॅक्टरीने भारतीय सेनेला गाड्या पुरविल्या. जर्मनीच्या मान कंपनीच्या नमुन्यावरील शक्तिमान ट्रक, जपानच्या निस्सान कंपनीच्या नमुन्यावरील एकटनी गाडी, आणि निस्सानच्याच ‘पॅट्रोल’ नामक गाडीवरून बेतलेली जोंगा, ही या कारखान्याची गाजलेली अपत्ये. जोंगा हे नाव ऐकून ते एखाद्या दूरदेशीच्या नदीचे असावे असे वाटते. प्रत्यक्षात ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली’ या लांबलचक इंग्रजी नावातील अक्षरे वेचून ते बनविलेले आहे. १९९९ साली तिचे उत्पादन थांबले. परंतु सेनेतून निवृत्त झालेल्या कित्येक जोंगा लिलावात विकल्या गेल्या, आणि हौशी मालकांनी त्या घरच्या जनावराप्रमाणे सांभाळल्या.

शक्तिमान आणि जोंगा या एकाच गावच्या दोन गाड्यांत मात्र एक मूलभूत भेद आहे. शक्तिमानचे इंजिन डीझेलचे. त्यात हवा इतक्या जोराने दाबली जाते की ती तापून लाल व्हावी तशी होते, आणि तीत उडालेले इंधन आपोआप पेटते. तेथे ठिणगीचे कामच नाही. शक्तिमान अडली तर मिस्त्री बॅटरी पाहील, नळीत शिरलेली हवा काढील, गाळणी साफ करील. ठिणगी मात्र शोधणार नाही. जोंगाचे मूळ इंजिन सहा सिलिंडरांचे, सुमारे चार लिटर क्षमतेचे आणि पेट्रोलवर चालणारे. पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण दाबाखाली असताना नेमक्या क्षणी एक ठिणगी पडावी लागते. ती पडली नाही, दुर्बळ पडली, किंवा अवेळी पडली, तर चार लिटरांचे ते भारदस्त यंत्र म्हणजे केवळ लोखंडाचे ओझे होय. पुढील सारे विवेचन या ठिणगीविषयी आहे. जी गोष्ट जोंगाची, तीच जुन्या ॲम्बॅसेडरची आणि मुंबईच्या रस्त्यांवर अनेक दशके धावलेल्या पद्मिनी टॅक्सीची.

ठिणगी कशी उत्पन्न होते हे समजल्याशिवाय ती का उत्पन्न होत नाही हे कळणे शक्य नाही. बॅटरीचा दाब सामान्यतः १२ व्होल्टांचा. एवढ्या दाबाने हवेतून ठिणगी उडत नाही. प्लगच्या दोन टोकांतील फट पाऊण मिलिमीटरच्या आतबाहेर असते. पण सिलिंडरातील दाबलेल्या मिश्रणातून ती ओलांडावयाची तर कित्येक हजार व्होल्टांचा दाब लागतो. बारांचे हजारो करण्याची किमया कॉइल करते. कॉइलमध्ये लोखंडी गाभ्याभोवती दोन वेटोळी असतात. एक जाड तारेचे, काही शे फेऱ्यांचे. दुसरे केसासारख्या बारीक तारेचे, काही हजार फेऱ्यांचे. जाड वेटोळ्यातून बॅटरीचा प्रवाह वाहू लागला की गाभ्यात चुंबकत्व साठते. हा प्रवाह एकाएकी तोडला की ते चुंबकत्व कोसळते, आणि कोसळता कोसळता बारीक वेटोळ्यात प्रचंड दाब निर्माण करते. मायकेल फॅरडेने १८३१ साली विद्युत्-प्रवर्तनाचा जो सिद्धान्त प्रस्थापित केला, त्याचाच हा व्यवहारातील अवतार. अमेरिकेच्या चार्ल्स केटरिंगने त्याला मोटारीत पक्के स्थान मिळवून दिले. १९१२ सालच्या कॅडिलॅक गाडीत सेल्फ, दिवे आणि ठिणगी या तिन्ही गोष्टी एकाच विद्युत्-व्यवस्थेत गोवलेल्या होत्या. आणि पुढे अर्धशतकाहून अधिक काळ जगातील बहुतेक पेट्रोल गाड्या त्याच वाटेने गेल्या.

येथे ध्यानात ठेवावयाची गोष्ट ही की, ठिणगी प्रवाह जोडल्याने पडत नसून तोडल्याने पडते. तोडण्याचे काम डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंट करतात. ही धातूच्या दोन टिकल्यांची जोडी असते. मधला कंगोरेदार दांडा फिरताना एका टिकलीला दूर लोटतो, प्रवाह तुटतो, कॉइलमध्ये उच्च दाब उसळतो, तो जाड तारेने डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत येतो, आत फिरणारा रोटर त्याला त्या त्या सिलिंडरच्या वाटेला लावतो, आणि प्लगमध्ये ठिणगी पडते. पॉइंटांच्या शेजारी एक लहानसा डबा असतो, तो कंडेन्सर. तोडलेला प्रवाह पॉइंटांच्या फटीतूनच उडी मारू पाहतो. त्याला क्षणभर आपल्या पोटात घेऊन कंडेन्सर ती उडी थोपवितो, म्हणून तोड स्वच्छ होते. सहा सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर मिनिटाला ९००० ठिणग्या, म्हणजे सेकंदाला १५० ठिणग्या पडाव्या लागतात. एवढी धावपळ करणाऱ्या यंत्रणेने वर्षातून एखाद्या सकाळी रुसवा धरला, तर त्यात तिचा फारसा अपराध नाही.

आता प्रत्यक्ष निदानाकडे वळू. बॅटरीपासून प्लगपर्यंतची ही वाट सरळ आहे, आणि बहुधा ती एकाच ठिकाणी तुटलेली असते. शहाण्या मिस्त्रीची रीत अशी की, तो वाटेच्या मध्यावर उभा राहून विचारतो, ‘वीज येथवर आली काय?’ आली असेल तर अलीकडचा सारा भाग एका उत्तरात निर्दोष ठरतो. आली नसेल तर पलीकडच्या भागाकडे तूर्त पाहावयास नको. अडाणी रीत याच्या उलट. तीत आधी प्लग बदलतात, मग कॉइल, मग कंडेन्सर. आणि गाडी सुरू झाली तरी दोष कशात होता हे कोणालाच कळत नाही. शिवाय एकाच वेळी तीन वस्तू बदलताना एखादी तार भलत्या जागी बसली, तर जुन्या दोषात नवा मिसळतो. एका वेळी एकच गोष्ट हलवावी, आणि ती हलविल्यावर काय फरक पडला हे पाहावे.

पहिला प्रश्न ठिणगीचा नव्हेच. सेल्फ मारल्यावर इंजिन फिरते काय? नुसते ‘कट्’ असे वाजून गप्प झाले, किंवा घरघरत मंद फिरले, तर दोष बॅटरीत अथवा तिच्या टोकांत आहे. समोरचे दिवे लावून सेल्फ मारावा. दिवे मालवत आले तर बॅटरी उतरली आहे, किंवा टोके मळली आहेत. टोकांवर साचलेला पांढरा-हिरवट क्षार कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुतला आणि पाने आवळली की अनेक गाड्या तेवढ्यानेच सुरू होतात. बॅटरीपासून गाडीच्या अंगाला आणि इंजिनाला जाणारी अर्थची पट्टीही पाहावी. ती तेल-चिखलात दडलेली असते, म्हणून विस्मरणात जाते. येथेच ढकलणाऱ्या चौथ्या मनुष्याचे महत्त्व कळते. थकलेली बॅटरी सेल्फ फिरविण्यातच सारी शक्ती खर्चते आणि कॉइलसाठी काही उरू देत नाही. अशी गाडी सेल्फने कितीही मारली तरी सुरू होत नाही, पण ढकलताच होते. थंड मुलखात हा प्रकार फार, कारण कडाक्याच्या थंडीत बॅटरीची शक्ती घटते आणि इंजिनातील तेल मात्र घट्ट होते. लडाखच्या चौकीवरील जोंगा आणि जबलपूरची जोंगा यांचे दुखणे बाहेरून सारखे दिसले तरी मूळ एक असेलच असे नाही.

इंजिन चांगले फिरते, पण पेट घेत नाही, अशी स्थिती असेल तर दुसरा प्रश्न: कमतरता पेट्रोलची की ठिणगीची? बराच वेळ सेल्फ मारल्यानंतर एक प्लग काढून पाहावा. तो कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही. टाकी, पंप आणि कार्बोरेटर तपासावेत. तो पेट्रोलने ओला असेल तर इंधन आले, पण पेटविणारा भेटला नाही, असे समजावे. प्लगचा चेहराही पुष्कळ सांगतो. बिस्किटासारखा फिकट तपकिरी रंग निरोगीपणाचा. काळी कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल अधिक. काळा तेलकट थर म्हणजे इंजिनातील तेल वर येते आहे. ओले प्लग पुसून, वाळवून, पाच-दहा मिनिटे थांबून पुन्हा प्रयत्न केल्यास कधी कधी एवढ्यावरच काम भागते.

यानंतर मध्यावरची परीक्षा. कॉइलच्या मधून निघून डिस्ट्रिब्युटरच्या टोपीच्या मध्यभागी जाणारी जाड तार टोपीतून काढावी. गिअर मोकळा आणि हातब्रेक ओढलेला असावा. सांडलेले पेट्रोल पुसून त्याची वाफ विरून जाऊ द्यावी, कारण जी ठिणगी इंजिनात पेट्रोल पेटविते ती बाहेरही पेटविते. तारेचे टोक इंजिनाच्या उघड्या लोखंडापासून पाव इंचावर धरावे, पण हाताने नव्हे. मजबूत रबरी मुठीच्या पकडीने, किंवा कोरड्या लाकडात अडकवून. हजारो व्होल्टांचा झटका सहसा प्राणघातक नसला तरी तो दचकवितो. दचकलेला हात फिरत्या पंख्यात गेल्याने झालेले अपघात अधिक वाईट. हृदयाचा विकार असलेल्याने या परीक्षेपासून दूरच राहावे. आता दुसऱ्याने चावी लावून सेल्फ मारावा. निळसर, जाड, कडकडाट करणारी ठिणगी आली तर मोठाच निर्णय झाला: बॅटरी, चावी, कॉइल, पॉइंट, कंडेन्सर ही सारी मंडळी निर्दोष सुटली. दोष पुढे, म्हणजे टोपी, रोटर, प्लगच्या तारा, प्लग किंवा टायमिंग यांत आहे. ठिणगी आलीच नाही, किंवा पिवळसर व क्षीण आली, तर दोष मागे आहे. तार लोखंडापासून फार दूर, लोंबकळत ठेवून सेल्फ मात्र मारू नये. बाहेर वाट न सापडलेला दाब कॉइलच्या आतील आवरणच फोडून वाट काढतो.

ठिणगी नाही, असे ठरले. आता मागच्या भागासाठी एका लहानशा बल्बाची गरज आहे. गाडीच्या दाबाचा, पाच वॅटांच्या आसपासचा बल्ब आणि दोन हात तार, एवढे साहित्य पुरते. बल्बाची एक तार गाडीच्या अंगाला लावावी आणि चावी चालू करावी. दुसरी तार प्रथम कॉइलच्या चावीकडील टोकाला लावावी. बल्ब लागला नाही तर वीज कॉइलपर्यंत आलीच नाही. फ्यूज, चावीचा स्विच किंवा मधले एखादे सैल टोक शोधावे. बल्ब लागला तर तीच तार कॉइलच्या दुसऱ्या, म्हणजे पॉइंटांकडील टोकाला लावून सेल्फ मारावा. येथे तीन गोष्टींपैकी एक घडते, आणि या तिन्हींचे अर्थ भिन्न आहेत.

बल्ब लुकलुकू लागला तर पॉइंट उघडत-मिटत आहेत आणि जाड वेटोळे शाबूत आहे. तरीही ठिणगी नसेल तर संशय कंडेन्सरवर, कॉइलच्या बारीक वेटोळ्यावर किंवा त्या मधल्या जाड तारेवर. यांत कंडेन्सर सर्वांत स्वस्त, म्हणून तो आधी बदलून पाहण्यास प्रत्यवाय नाही. पॉइंटांवर एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला उंचवटा दिसत असेल, ते करपून निळे-काळे पडले असतील, तर कंडेन्सरविषयी संशय अधिक बळावतो.

बल्ब एकसारखा जळत राहिला तर पॉइंट मिटतच नाहीत, किंवा मिटूनही वीज जाऊ देत नाहीत. कित्येक महिने बंद राहिलेल्या गाडीत हे हमखास आढळते. टिकल्यांवर गंजाचा नजरेस न येणारा पापुद्रा धरतो, आणि तो १२ व्होल्टांना अडविण्यास पुरेसा असतो. बारीक कानशीने टिकल्या हलकेच घासून, स्वच्छ कागदाची पट्टी त्यांच्या मधून ओढावी. पॉलिश पेपरने घासण्याची प्रथा सार्वत्रिक असली तरी चांगली नाही. त्याचे कण टिकलीत रुतून बसतात आणि पुढल्या आठवड्यात तेच दुखणे परत येते. डिस्ट्रिब्युटरच्या आतील पाटीला अर्थ देणारी एक लवचीक तार असते, तीही तुटली नाही ना, हे पाहावे.

बल्ब मुळीच लागला नाही तर प्रकरण किंचित अवघड, पण तेथेही एक साधी युक्ती आहे. कॉइलपासून डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी बारीक तार कॉइलवरून सोडवावी आणि बल्ब कॉइलच्या त्याच रिकाम्या टोकाला पुन्हा लावावा. आता तो लागला तर कॉइलचे जाड वेटोळे धड आहे. डिस्ट्रिब्युटरमध्ये वीज भलत्या वाटेने अंगात उतरते आहे. पॉइंट उघडतच नसतील, कंडेन्सर आतून चिकटला असेल, किंवा मागल्या दुरुस्तीत एखादी रोधक चकती उलटसुलट बसली असेल. अजूनही लागला नाही तर कॉइलचे वेटोळे तुटले, आणि आता, फक्त आता, नव्या कॉइलसाठी पैसे खर्च करण्यास आधार आहे.

या कॉइलविषयी एक इशारा अवश्य द्यावयास हवा. इंजिन बंद असताना चावी चालू ठेवून गप्पा मारू नयेत. पॉइंट मिटलेल्या स्थितीत थांबले असतील तर कॉइलमधून अखंड प्रवाह वाहत राहतो. ती तापते, आणि पुरेशी तापली की तिचे आयुष्य संपते. तपासणी करता करता निरोगी कॉइल जाळून, मग तीच मूळ दोषी होती असा निष्कर्ष काढणारे मिस्त्री दुर्मीळ नाहीत.

काही गाड्यांत आणखी एक चमत्कार आढळतो. चावी सेल्फवर असेपर्यंत इंजिन पेट घेते. चावी सोडताच मरते. अशा गाडीत कॉइलला चालत्या वेळी एका रोधातून वीज दिलेली असते, आणि सेल्फच्या वेळी तो रोध टाळून सरळ दिलेली असते. रोध तुटला, किंवा चावीचे चालत्या अवस्थेतील टोक झिजले, की हे लक्षण उद्भवते. हे एकदा माहीत असले की निदानास दोन मिनिटे पुरतात. माहीत नसले तर दोन दिवस जातात.

येथवरचे दोष वर्षभराचे. जबलपूरचे ऋतू मात्र आपापले स्वतंत्र दोष घेऊन येतात. पावसाळ्यात नर्मदाकाठी हवा इतकी दमट होते की रात्रभर उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीच्या टोपीत आतून दव धरते. मधल्या तारेला ठिणगी उत्तम, पण प्लगना काही पोचत नाही, अशी अवस्था झाली की टोपी उघडून पाहावी. ओलाव्यावरून वीज घसरत जाते आणि प्लगाकडे जाण्याऐवजी जवळच्या लोखंडात उतरते. कोरड्या फडक्याने टोपी आतून-बाहेरून, रोटर आणि सर्व तारा पुसल्या की काम होते. परंतु हा प्रकार वारंवार झाला तर टोपीच्या आत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत केसासारखी काळी रेघ उमटते. ही रेघ कोळशाची असते, आणि कोळसा विजेला वाट देतो. ती एकदा उमटल्यावर पुसून जात नाही. टोपी बदलावी लागते. टोपीच्या मध्यभागी रोटरला टेकणारी स्प्रिंगवरची कोळशाची लहान कांडी असते, ती झिजून पडली असली तरीही लक्षण हेच. तारांचे आवरण फुटले असेल तर काळोख्या रात्री बॉनेट उघडून सेल्फ मारावा. गळणारी वीज तारांवर निळ्या रेघांनी नाचताना दिसते, आणि दोषाची जागा आपणहून बोट दाखविते.

उन्हाळ्याचे दुखणे अधिक फसवे. मे महिन्याच्या दुपारी जबलपूरहून नागपूरकडे निघालेली गाडी तिलवाराघाटचा पूल ओलांडून लखनादौनच्या वाटेला लागावी, तास-दीड तास उत्तम चालावी, आणि चहासाठी थांबवल्यावर पुन्हा सुरू होण्याचे नाव घेऊ नये, हा अनुभव जुन्या गाड्यांच्या मालकांना नवा नाही. अर्ध्या तासाने, काही न करता, ती सुरू होते. याची दोन कारणे संभवतात, आणि दोन्ही गाडी थंड झाल्यावर नाहीशी होतात, म्हणून घोटाळा होतो. पहिले, तापलेल्या पंपात किंवा नळीत पेट्रोलची वाफ होऊन ते पुढे सरकत नाही. दुसरे, कॉइलचे बारीक वेटोळे तापून पसरते, आतील सूक्ष्म तडा रुंदावतो आणि ठिणगी थांबते. थंड झाल्यावर तडा पुन्हा मिटतो. मिस्त्रीकडे नेईपर्यंत गाडी निर्दोष झालेली असते, आणि मिस्त्री मालकाकडे संशयाने पाहतो. यावर उपाय एकच. गाडी अडलेली असतानाच, रस्त्याच्या कडेला, मधल्या तारेची परीक्षा करावी. ठिणगी सणसणीत असेल तर ओले फडके पेट्रोल पंपावर ठेवावे. वाफ बसते आणि गाडी चालू होते. ठिणगी नसेल तर तेच ओले फडके, पिळून, कॉइलच्या धातूच्या अंगाला गुंडाळून पाहावे. टोकांना मात्र पाणी लागू देऊ नये. ज्याने गाडी सुरू होईल, त्याने दोषी कोण हे सांगितले. अर्ध्या तासाची विश्रांती जे सांगत नाही ते एका ओल्या फडक्याने कळते.

टायमिंगचा दोष सहसा आपोआप उद्भवत नाही. तो हातांनी घडविला जातो. कालपर्यंत चालणारी गाडी दुरुस्तीनंतर सुरू होईना, कार्बोरेटरमधून भडका उडवू लागली किंवा सायलेन्सरमधून बार काढू लागली, तर तारांचा क्रम चुकला आहे असे प्रथम समजावे. एका ओळीतील सहा सिलिंडरांच्या बहुतेक इंजिनांत हा क्रम १-५-३-६-२-४ असा असतो. खात्रीसाठी त्या त्या गाडीचे माहितीपुस्तक पाहावे, आणि डिस्ट्रिब्युटर काढण्यापूर्वी रोटरचे तोंड कोणीकडे आहे याची खूण खडूने करून ठेवावी. खूण केली नसेल तर पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून भोकावर बोट दाबावे आणि इंजिन हळूहळू फिरवावे. बोट हवेने बाहेर ढकलले जाऊ लागले म्हणजे दाबाचा फेरा सुरू झाला. पुलीवरील खूण जुळताच थांबावे. या क्षणी रोटर पहिल्या प्लगच्या तारेकडे पाहत असला पाहिजे. तो नेमका उलट्या बाजूला पाहत असेल तर डिस्ट्रिब्युटर अर्धा फेरा चुकून बसला आहे. हॅण्डल मारून इंजिन फिरवावयाचे असेल तर अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा, मुठीला वेढा घालू नये. ठिणगी लवकर पडली तर हॅण्डल उलटे फटकारते आणि अंगठा मोडते.

नव्या गाड्यांत पॉइंट नाहीत, कंडेन्सर नाही, पुष्कळदा टोपी व रोटरही नाहीत. इंजिनाच्या चाकाजवळ बसविलेला संवेदक त्याची स्थिती सांगतो, एक लहानसा गणकयंत्राचा डबा प्रवाह तोडण्याचा क्षण ठरवितो, आणि प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल असते. अशा गाडीत जाड तार उपसून ठिणगी पाहण्याचा जुना प्रयोग करू नये. त्या डब्याची किंमत मोठी आणि सहनशक्ती थोडी असते. तेथे यंत्र जोडून दोषाचा क्रमांक वाचतात. परंतु क्रमांक म्हणजे निदान नव्हे. ‘तिसऱ्या कॉइलच्या मंडलात दोष’ एवढेच तो सांगतो. कॉइल बिघडली, तिचे टोक सैल झाले की बॉनेटखाली मुक्कामाला आलेल्या उंदराने तार कुरतडली, हे त्यानंतरही वाटेवरून चालत जाऊनच पाहावे लागते. तिसरी आणि चौथी कॉइल एकमेकींच्या जागी बसवावी. क्रमांक कॉइलबरोबर सरकला तर कॉइल दोषी, जागच्या जागी राहिला तर तार.

जोंगाच्या मालकाने आसनाखालच्या पेटीत ठेवावयाचे साहित्य फार नाही. तारा जोडलेला बल्ब, रबरी मुठीची पकड, बारीक कानस, एक जादा कंडेन्सर, एक रोटर, पॉइंटांची एक जोडी आणि दोन सुती फडकी. पॉइंटांची फट मोजण्यास फीलर गेज हवे. दांड्याचा कंगोरा पॉइंटाच्या टाचेला पूर्ण उचलून धरील अशा स्थितीत इंजिन फिरवून ही फट मोजतात, आणि बहुधा ती ०.४ ते ०.५ मिलिमीटर असते. गेज घरी विसरले असेल तर खिशातील जाड व्हिजिटिंग कार्ड त्या फटीत घालून, ते अडखळत पण न वाकता सरकेल इतपत स्क्रू आवळावा. कार्डाची जाडी गेजइतकी नेमकी नसते, तरी तेवढ्यावर गाडी शिवनीपर्यंत निश्चित जाते.